डबल आहे का?

आमच्या नचिकेतला त्याच्याकडे खेळाडूंची कुठली कार्डं आहेत असं विचारलं, तर तो फाईल पुढे सरकवतो आणि आपल्या कामाला लागतो. कुठली नाहीत असं विचारलं, की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. प्लॅस्टिकची पानं, पानाला नऊ कप्पे, कप्प्यात एकेक खेळाडू आणि मध्येच एखादा कप्पा रिकामा. पाहुण्यांना तो भरलेली पानं दाखवतो, स्वतः मात्र रिकाम्या कप्प्यांकडे बघत बसतो. सहावीतला मुलगा इतका वेळ एका जागी बसतो याचंच वहिनीला एवढं अप्रूप, की कार्डांवर पैसे किती जातात हे ती विचारत नाही. मी विचारण्याचा तर प्रश्नच नाही. मी आत्या. ते माझ्याच पर्समधून जातात.

या नादापायी अधूनमधून माझी वारी निघते ती कर्वे रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये. तिथे भरतं ते खरं म्हणजे नाण्यांचं, नोटांचं आणि पोस्टाच्या तिकिटांचं प्रदर्शन. ओळीने टेबलं, वर पांढरी कापडं, त्यावर काच. काचेखाली शिवराया, म्हणजे जुनी तांब्याची नाणी, ट्रेमध्ये राणीछाप रुपये, शेवटी ७८६ आकडा असलेल्या नोटा वेगळ्या काढून ठेवलेल्या. तिकीटवाले चिमट्याशिवाय कशालाही हात लावत नाहीत आणि आपण नुसता हात पुढे केला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडते. खेळाडूंची कार्डं या मंडळींत नव्याने सोयरीक झाल्यासारखी, एका कोपऱ्यात, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नसतो, एवढाच त्या जागेचा फायदा.

शिवराया घेऊन बसलेल्या एका काकांनी मला गेल्या खेपेला थांबवलंच. "अहो ताई, आमचं तांबं तीनशे वर्षं टिकलंय. या पुठ्ठ्याचं काय?"

काकांशी वाद घालायला मी तिथे गेले नव्हते. पण पुठ्ठ्याचं म्हणाल, तर हा छंद जन्मला तोच मुळी पुठ्ठ्यातून. एकोणिसाव्या शतकात सिगारेटची पाकिटं साध्या कागदाची असायची. आतला माल दबू नये म्हणून एक जाड तुकडा घालत. आता तो कोरा कशाला घालायचा, म्हणून त्यावर नट्या आल्या, सैनिक आले, पक्षी आले आणि खेळाडूही आले. विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. बापाने ओढायचं आणि पोराने जमवायचं, अशी ही वाटणी. आपल्याकडच्या वाड्यांत रिकामी सिगारेटची पाकिटं आणि काडेपेट्यांचे छाप जमवणारी पोरं होतीच की. त्यांना फक्त कुणी खेळाडू छापून दिले नाहीत.

अमेरिकेतल्या सिगारेटच्या पाकिटांतून १९०९ पासून बेसबॉलपटूंची जी कार्डं निघाली, त्यांत होनस वॅग्नर नावाचा एक मोठा खेळाडू होता. त्याचं कार्ड थोडंसं छापून झालं आणि बंद पडलं. तंबाखूसोबत मुलांच्या हाती आपलं चित्र जायला नको म्हणून त्याने अडवलं, असं सांगतात. पैशांवरून फाटलं, असंही सांगतात. काही असो, आज ती कार्डं जेमतेम काही डझन उरली आहेत. त्यातलं एक २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं. दुसरी कहाणी मिकी मँटल या बेसबॉलपटूची. त्याचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड हंगाम संपता संपता बाजारात आलं, तोवर पोरं फुटबॉलकडे वळली होती. न खपलेली खोकी गोदामात पडून राहिली. शेवटी १९६० मध्ये कंपनीच्या साय बर्जर यांनी ती कचऱ्याच्या बोटीवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवली. ही हकिगत पुढे त्यांनीच सांगितली. त्या मँटलचं एक कोरं करकरीत कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हाच्या दराने साधारण १०० कोटी रुपये. समुद्रात टाकली म्हणून.

हे मी घरी जेवताना सांगितलं, तेव्हा दादाने पानातून मान वर करून आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात तीस वर्षांचा हिशेब होता. दादाकडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची कार्डं होती. उंची, वजन, छाती, बायसेप्स. वजन म्हटलं की योकोझुनाला तोड नाही, हे मलाही पाठ होतं. क्रिकेटचा संचही होता, त्यात हायेस्ट स्कोअर आणि विकेट्स. उन्हाळ्याच्या सुट्टीत जिन्यात बसून ही कार्डं इतकी कुटली जायची, की त्यांचे कोपरे गोल झाले होते आणि पाठीमागून बघूनही 'हा अंडरटेकर' असं ओळखू यायचं. एका दिवाळीच्या आवराआवरीत आईने ती जुन्या वह्यांबरोबर रद्दीवाल्याला दिली. किलोवर.

आई मात्र शांत. "म्हणजे आमच्यासारख्यांनी टाकली, म्हणून बाकीच्यांच्या कार्डांना किंमत आली ना? मग माझे किती?"

तिच्या बोलण्यात तथ्य आहे. अमेरिकेत हेच झालंय. तिथल्या आयांनीही मुलं कॉलेजला गेल्यावर खोकी बाहेर काढली. पुढे जुन्या कार्डांना भाव आल्याच्या बातम्या वाचून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सगळा देश शहाणा झाला. लोक पाकिटं न फोडता खोक्यांनी जपून ठेवायला लागले आणि कंपन्या बेसुमार छापायला लागल्या. त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज कोणी विचारत नाही. सगळ्यांनीच जपली, मग शोधायला कोण येणार? आता तर पाकिटावरच 'लिमिटेड एडिशन' छापून येतं. कितीला लिमिट, ते विचारायचं नाही.

हॉलमधल्या मोठ्या माणसांच्या टेबलावर मला फारसं करमत नाही. तिथे कार्डं जाड पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद केलेली असतात, वर चिठ्ठीवर गुण. हे गुण देणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत. त्यातली सर्वांत माहितीतली पीएसए, १९९१ मध्ये सुरू झालेली. चित्र बरोबर मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग, असं सगळं तपासून दहापैकी गुण. लक्ष्मी रोडवर पैठणीचा काठ ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघतात, तसं कार्ड तिरकं धरून बघायचं. एक ओरखडा, की गुण गेला. गुण गेला, की भाव निम्म्याखाली. म्हणजे ज्या कार्डाशी कोणी कधी खेळलं नाही ते पहिलं, आणि दादाची कार्डं नापास. टेबलामागचा मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. मी त्याला विचारलं, हे उघडून बघता का कधी? तो दचकलाच. "नाही हो ताई. मी होल्ड करतो." जमिनीच्या प्लॉटबद्दल बोलतात त्याच सुरात.

पण विकायचा त्याचा हात चांगला आहे. गिऱ्हाईक कुठल्या कार्डावर आलंय ते त्याला आधी कळतं. आपली पुणेरी मंडळी हवं ते कार्ड सोडून शेजारच्याची चौकशी करतात. "हे कितीला? बरं. आणि हे? अच्छा. आणि सहज विचारतो, हे मधलं?" त्या 'सहज'वर तो मनातल्या मनात शंभर रुपये चढवत असणार. मग दोघंही मोबाईल काढतात. हेच कार्ड याआधी कुठे कितीला गेलं ते बघतात, आणि दोघांच्या मोबाईलवर दोन वेगळे भाव निघतात. रोख हवी असेल तर तो आपल्या कार्डाचे कमी देतो, बदल्यात दुसरं कार्ड घेतलं तर जास्त धरतो. यात लबाडी नाही. रोकड एकदा दिली की गेली, बदल्यात दिलेल्या कार्डावर त्याचा नफा आधीच निघालेला असतो.

खरा बाजार भरतो तो टेबलांमागे, जिन्याच्या पायऱ्यांवर. तिथे पोरं फायली उघडून बसलेली असतात आणि पैशांचा विषय निघत नाही. पहिला प्रश्न ठरलेला.

"डबल काय आहे?"

त्या दिवशी नचिकेतसमोर एक मुलगी होती, दोन वेण्या, पाठीला क्लासची बॅग. तिने त्याची फाईल उलटीकडून चाळली. डबल कार्डं शेवटच्या पानांत असतात, हे तिला ठाऊक होतं.

"विराट तीन आहेत," नचिकेत म्हणाला.

"विराट सगळ्यांकडे तीन आहेत. बुमरा?"

"एकच. ऋतुराज दे, मग देतो."

"एका बुमराला ऋतुराज नाही येणार. ऋतुराज पुण्याचा आहे, म्हणून इथे महाग."

नचिकेत जरा विचारात पडला. "बुमरा अहमदाबादचा आहे, म्हणजे तो इथे कमी मिळणार. मग तोच महाग पाहिजे."

मी वर्तमानपत्रातली अर्थविषयक पुरवणी नियमाने वाचते, पण मागणी-पुरवठ्यावर इतकं स्वच्छ भांडण मी ऐकलेलं नाही. पुढची दहा मिनिटं दोघंही फायली मिटून उठायचं नाटक करत होती. ती उठली की तो म्हणायचा, "बरं, थांब." तो उठला की ती. शेवटी ऋतुराजच्या बदल्यात बुमरा, एक विराट आणि एक चमकणारं फुटबॉलचं कार्ड, असा सौदा ठरला. कार्डं एकाच वेळी, दोघांच्या हातातून, मोजून तीन म्हणत सोडायची. आधी कोणी सोडायचं यावर विश्वास नव्हता. जिना उतरताना नचिकेत माझ्या कानाशी लागला, "तिला कळलंच नाही, तो फुटबॉलवाला मला नकोच होता." मी मागे वळून पाहिलं, तर ती तिच्या बाबांना काहीतरी सांगत हसत होती. माझी खात्री आहे, तिचंही वाक्य तेच असणार, फक्त खेळाडू वेगळा.

पैसे मोजून घेतलं की ही मजा नाही. आपण जास्त दिले का, ही टोचणी घरापर्यंत येते. अदलाबदलीत प्रत्येक जण स्वतःकडे जास्त झालेलं देतो आणि नसलेलं घेतो. दोघंही समोरच्याला गंडवल्याच्या आनंदात मेट्रोत बसतात.

गरवारे कॉलेजच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना नचिकेतने विचारलं, हायेस्ट स्कोअर सगळ्यात मोठा कोणाचा? आपल्या लोकांमध्ये. मी म्हटलं, तो स्कोअर याच गावात झालाय आणि त्याचं कार्ड तुझ्या फाईलमध्ये नाही, त्या मुलीच्याही नाही. डिसेंबर १९४८. पूना क्लबचं मैदान, रणजीचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा विक्रम ४५२ चा, म्हणजे आणखी १० धावा पुरे होत्या. मधल्या सुट्टीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. आपल्या संघाविरुद्ध विक्रम झाल्याची नोंद त्यांना नको होती. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली ती अजूनही सर्वांत मोठी खेळी आहे, आणि निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही.

"मग त्यांचं कार्ड का नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण कात्री होती. घरी जाऊन एका लग्नपत्रिकेची जाड बाजू कापली, अडीच इंच बाय साडेतीन इंच. टॉप्सने १९५७ मध्ये ठरवलेलं हे माप आजवर चालत आलंय. समोर बॅट धरलेला माणूस काढला. चित्रकलेत माझी गती बेताची, पण पॅड ठीक जमले. मागे रकाने आखले. संघ महाराष्ट्र. कसोटी ०. हायेस्ट स्कोअर ४४३ नाबाद. दादाने 'नाबाद'वरची चांदणी स्वतः काढली आणि मग बराच वेळ कार्ड त्याच्याच हातात होतं. नचिकेतने कोपरे तपासले, एक जरा तिरका गेलाय असं सुनावलं, आणि तरीही ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फाईलच्या पहिल्या पानावर लावलं.

पुढच्या प्रदर्शनात ती मुलगी भेटली. पहिल्याच पानावर तिचं बोट थांबलं. हे कुठल्या पाकिटात निघतं? नचिकेतने खरं तेवढंच सांगितलं, की कुठल्याच पाकिटात निघत नाही. ४४३ चा आकडा तिने दोनदा वाचला. मग विराट नको, फुटबॉल नको, काही नको, हेच. त्याने पाऊण तास तिला झुलवलं आणि तिच्याकडच्या दोन सोनेरी कार्डांना निंबाळकर देऊन टाकले. मी पायरीवर बसून बघत होते. माझा चेहरा पडलेला त्याला दिसला असावा. तो फाईल सावरत माझ्या शेजारी येऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आत्या, घरी गेल्यावर अजून एक करशील? पण तिला सांगू नको हं. तिला वाटतंय, एकच आहे."