नाचणीची बिस्किटं आणि उधारीचं पान

आज भाची वही घेऊन आली. नाचणीच्या बिस्किटांचा धंदा सुरू करतेय. वही बघून खरंच अभिमान वाटला. गुळाचं प्रमाण, भाजणीची वेळ, पाकिटाचा आकार, पुढच्या सहा महिन्यांत येणाऱ्या तीन नव्या चवी, सगळं तारखांसकट लिहिलेलं.

म्हटलं, "बाळा, हा प्रॉडक्ट प्लॅन झाला. काय बनवायचं आणि कधी, हे यात आहे. बिझनेस प्लॅन कुठेय?"

"हाच की, मामा!"

मग कोरं पान काढलं. पाकिटाची किंमत ८० रुपये. दुकानदाराचे १६, वितरकाचे ६ गेले, उरले ५८. बनवायचा खर्च ४६. राहिलेल्या १२ रुपयांत जीएसटी, टेम्पोभाडं आणि परत आलेली फुटकी पाकिटं. ती गप्प झाली. मलाही वाईट वाटलं, पण हे आजच दिसायला हवं होतं.

त्याहून मोठी गोष्ट उधारीची. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. पण पीठवाला रोख मागतो. महिन्याला हजार पाकिटं धरली तरी, पाकिटामागे ४६ रुपये खर्चाने, दीड महिन्याचे ६९ हजार रुपये बाजारात अडकलेले. ते कुठून आणायचे, याची एक ओळही वहीत नव्हती.

चहा गार झाला. तिने तीन चवींपैकी दोन स्वतःच खोडल्या, आणि उद्या सकाळी जिम आणि शाळेच्या कॅन्टीनला थेट विचारायला जाणार आहे.