आमचा पी. पी. नंबर

श्टुटगार्टजवळ एस्लिंगेन म्हणून नेकार नदीकाठचं जुनं गाव आहे, तिथे आम्ही राहतो, आणि इथले शेजारी चांगले आहेत हे आधीच सांगते कारण परदेशात शेजारी ओळखसुद्धा देत नाहीत असं आपल्याकडे उगाच समजतात. आम्ही घरी नसलो तर पार्सल शेजारी ठेवून घेतात, डब्यात तशी चिठ्ठी असते. जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, केहरवोखे म्हणतात, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लागते. रविवारी ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्याही कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण न विचारता कोणी आत येत नाही, कॉफीला बोलवायचं तरी आधी तारीख ठरवायची, आणि त्याची सवय मला अजून झालेली नाही.

मी वाईची, गणपती आळीची. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ आमच्या अगदी जवळ. त्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दोन्हीकडे फुटून जावं म्हणून, आणि पावसाळ्यात कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढायला लागली की खालच्या घरातली माणसं, धान्याचे डबे, अंथरुणं, सगळं वरच्या घरांमध्ये यायचं. कोणी कोणाला "येऊ का" विचारल्याचं मला आठवत नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून नाना आणि आक्का. नव्वदच्या आसपासची गोष्ट सांगतेय, फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची ते दिवस, आणि आमच्या बाजूला फोन फक्त नानांकडे. त्यामुळे बाबांच्या डायरीत, मामाच्या लग्नपत्रिकेत, मावशीच्या सासरी, सगळीकडे आमचा म्हणून नानांचाच नंबर, पुढे कंसात पी. पी. फोन आला की नाना "दहा मिनिटांनी परत करा" सांगून ठेवून द्यायचे आणि आक्का परसातून हाक मारायच्या, आई पदराला हात पुसत धावायची. आईचं बोलणं सुरू झालं की आक्का रेडिओ बंद करायच्या, स्टोव्ह बारीक करायच्या आणि आम्हा पोरांना बाहेर काढायच्या. रात्री अकरानंतर एसटीडी स्वस्त व्हायचं म्हणून मामा मुद्दाम तेव्हा फोन करायचा, तरी नाना उठून दार वाजवायला यायचे, आणि कधी त्रासलेला चेहरा बघितला नाही.

मिरजेचे आजोबा गेले तो फोनही तिथेच आला. त्या दिवशी हाक आली नाही. आक्का स्वतः आल्या, आईच्या हातातली कणकेची परात काढून बाजूला ठेवली, तिला खाली बसवलं, शेजारी बसल्या आणि मग सांगितलं. बाबा शाळेतून येईपर्यंत बॅग भरून तयार होती, नानांनी बाबांच्या खिशात पैसे कोंबले, किती ते दोघांनीही मोजलं नाही, आणि आम्ही भावंडं पुढचे दिवस आक्कांकडेच जेवलो, झोपलो, तिथूनच शाळेत गेलो.

माघाच्या आगेमागे कृष्णाबाईचा उत्सव असतो, एकेका आळीचा पाळीपाळीने. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसापासून चालू आहे म्हणतात. घाटावर मांडव, पंगती, आणि आमच्या आळीची पाळी आली की घरोघरच्या बायका भाज्या चिरायला एकत्र, आम्ही पोरं पाणी वाढायला. वर्षभर नळावरून भांडलेल्या दोघी तिथे एका पातेल्याशी बसलेल्या मी बघितल्यात.

त्रास नव्हता असं नाही. दहावीचे मार्क आईच्या आधी आळीला कळायचे, कोणाची सून माहेरी का राहिलीय याची चर्चा ओट्यावर चालायची, आणि ज्या घरातलं बोललं जायचं त्या घरच्या बाईला ते फार लागत असणार. ते मला तेव्हाही आवडायचं नाही. तरीसुद्धा दोन्हींतलं एक निवड म्हटलं तर मी आळीच निवडेन, कारण तिथे आजारी माणसाला मदत मागावी लागायची नाही.

नाना आता नाहीत. वाडा पाडून तिथे फ्लॅट झालेत, आक्का मुलाकडे कोथरूडला असतात. रविवारी व्हिडिओ कॉल करते, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून इथल्या रविवारच्या शांततेत मी दारंखिडक्या लावून मोठ्याने बोलते. मागच्या वेळी सांगितलं की आमच्या वर एकट्या राहणाऱ्या आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. लगेच आक्का म्हणाल्या, "मुगाची खिचडी कर, पातळ, मिरची अजिबात नको, तूप वरून घाल, आणि गरम असतानाच ने." शुक्रवारी वरच्या आजी हॉस्पिटलमधून घरी येतायत. तारीख वेळ काही न ठरवता मी पातेलं घेऊन वर जाणार आहे.