वरची नाही, खालची

जुलैचा पहिला आठवडा. दुकानासमोर युरियासाठी रांग, मी बिलं फाडतोय, आणि लेकीने एक कागद पुढे सरकवला. 'पालकांचे संमतीपत्र : चिअरलीडिंग पथक.' सही ठोकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. कागद नीट वाचला तो रात्री. मग जेवण गोड लागेना.

आमच्या पिढीने चिअरलीडर पाहिल्या त्या २००८ साली, आयपीएल सुरू झाली तेव्हा, टीव्हीवर. चौकार गेला की नाचायच्या, तेवढीच ओळख. अमळनेरात राहून नववीतली पोर तिथे कुठे चालली? आई ओट्यावर शेंगा निवडत होती. हातातली शेंग तशीच धरून म्हणाली, "पोरले नाचाले धाडी राहिना का रे तू?" मला उत्तर सुचलं नाही.

शनिवारी शाळेत पालकसभा होती. सही मागे घ्यायची असं ठरवूनच गेलो होतो. खेळाच्या मॅडम तरुण, स्वतः जिम्नॅस्टिक्स केलेल्या. त्यांनी आधी आमचं डोकं साफ केलं. हा प्रकार अमेरिकेतला. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभं राहून सगळ्यांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेतल्या. पहिला चिअरलीडर पुरुष! पोरी त्यात पुष्कळ नंतर आल्या. पुढे कसरती आल्या, मनोरे आले, स्पर्धा सुरू झाल्या आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शाळेतलं लेझीम पथक आलं. तेही शेवटी मनोराच रचायचं.

पथकाचं काम सरळ होतं. शाळेचा खो-खोचा संघ तालुक्याला आणि जिंकला तर जिल्ह्याला जाईल, त्याच्यासोबत जायचं. घोषणा, ठेका, मध्यंतरात छोटे मनोरे. स्कर्ट नाही, ट्रॅक पँट आणि निळा टी-शर्ट. हे पालकांनीच ठरवून घेतलं. एका गृहस्थांनी विचारलं, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील का? मॅडमनी तिथल्या तिथे सांगून टाकलं : ते गुण मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळणाऱ्याला, ही पोरं संघासोबत जाणारी, स्पर्धक नाहीत, तेव्हा मिळणार नाहीत. दोन घरं त्या क्षणी गळाली. मला मात्र ते स्पष्ट सांगणं आवडलं. सही राहू दिली.

कागदपत्रं एका दिवसात झाली. आधारची झेरॉक्स, रक्तगट, दोन फोन नंबर, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. ज्यांना पुढे हे करायचंय त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : डॉक्टरांकडून नुसता शिक्का आणू नका. मनगट, गुडघे, कंबर तपासायला लावा. दमा असेल, पूर्वी हाड मोडलं असेल तर लपवू नका.

खरं रामायण पुढे झालं. मनोऱ्यात वर चढते ती फ्लायर. तिचे पाय धरून उचलतात त्या बेस. मागे उभी राहून तिच्यावर नजर ठेवते आणि तोल गेला की डोकं-मान सांभाळते ती स्पॉटर. प्रत्येक आईबापाला आपली पोर वर हवी होती, कारण फोटो वरचीचा येतो! माझी पोर अंगाने भरलेली, उंच. मॅडमनी तिला बेस केलं. बायकोचा चेहरा उतरला. "हमालीच करायची तर दुकानात काय कमी आहे?" म्हणाली. खोटं कशाला बोलू, मलाही वाईट वाटलं होतं.

सराव सकाळी सहाला. शाळेकडे मॅट नव्हत्या म्हणून कुणीतरी मंडपवाल्याकडून कापसाच्या गाद्या आणल्या. कापसाचा मुलूख आमचा, गादीला काय तोटा! पण गादी पडणारीला वाचवते, उभी राहणारीला नाही. तिसऱ्याच आठवड्यात लेकीचा पाय गादीत रुतला आणि घोटा मुरगळला. वरची पोर स्पॉटरने अलगद झेलली, तिला खरचटलंही नाही. आमची दोन आठवडे घरी. मी शाळेत जाऊन बराच तापलो. तेव्हा कुठे तालमीतून कुस्तीची मॅट सकाळपुरती मागून आणली गेली. पाय रुतत नाही आणि पडलं तर लागतही नाही, अशी. हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा लिहून दिल्यावरच मॅडमनी तिला परत घेतलं. मग एकदा बायकोने तिच्या मांडीवर काळानिळा डाग पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. पोर शांतपणे म्हणाली, "मांडीवर उभी राहते ना ती. पाय जरा पुढे पडला की लागतं. आता तिला बरोबर जागा सापडलीय." मग तिने मला दाखवलं : गुडघा किती वाकवायचा, पाठ ताठ कशी ठेवायची, पाच-सहा-सात-आठ मोजून दोघींनी एकाच श्वासात कसं उचलायचं. मी दुकानातल्या पोराला पन्नास किलोचं पोतं कंबरेतून उचलू नको म्हणून रोज ओरडतो. हेच ते!

संघ तालुका जिंकला. जिल्ह्याच्या सामन्याला आम्ही सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. आई हट्टाने सोबत आली. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, पोरींसाठी केळी. उपांत्य सामन्यात आमचा संघ दोन गुणांनी हरला. धावणारी शेवटची पोर बाद झाली आणि मैदानातच बसली. पथकाने घोषणा थांबवली नाही, तिचंच नाव घेत राहिलं. हे कुणी शिकवलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

त्याआधी मध्यंतरात मनोरा झाला होता. आईने चष्मा पुसून बघितला. खाली उभ्या दोघींपैकी डावीकडची आपली, हे तिला दाखवावं लागलं नाही.

परतीच्या गाडीत पोर खिडकीला डोकं टेकून झोपली. आई बराच वेळ गप्प होती. मग मला म्हणाली, "वरली पोर कितला किलोनी शे रे?"

"बेचाळीस."

"मंग आपलीले एक भाकर जास्ती वाढजो."