दाण्याचा कान

भिंतीवर रक्ताचे बारीक शिंतोडे दिसले की आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पहिला संशय ढेकणांवर. गाद्या उलट्यापालट्या करून झाल्या, पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करून झाला, पण ढेकूण एकही सापडेना. शिंतोडे मात्र सगळे जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. तेवढ्या उंचीचा प्राणी घरात एकच. शेंगदाणा, लाडाने दाणा, चिवावा जातीचा कुत्रा, वजन दोन किलोच्या आत. तो अंग झाडायचा, कान फटफट वाजायचे आणि डाव्या कानाच्या टोकावरची खपली उडायची.

कुत्र्याचा कान बिघडलाय म्हटलं की जो तो कानात घालायचे ड्रॉप्स सुचवतो. समोरच्या काकूंनी खोबरेल तेलात हळद सांगितली, बहिणीने तिच्या लॅब्राडोरची उरलेली बाटली पाठवली. पावसाळ्यात मुंबईतल्या लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना होतो तो त्रास वेगळा. कुत्र्याची कानाची नळी आधी खाली जाते आणि मग काटकोनात आत वळते. दमट हवेत त्या वळणावर मळ साचतो, बुरशी धरते, आंबूस वास येतो, कुत्रा मान वाकडी करून पायाने कान खाजवतो. दाण्याचा कान आतून लख्ख होता, वासही नाही. बिघाड होता तो फक्त कडेला. टोकाकडचे केस गेलेले, कातडी काळपट आणि चकचकीत, त्यावर कडक खपली आणि खपलीखाली एक छोटी खाच. कडेच्या दुखण्याला आतले ड्रॉप्स काय करणार?

त्या खाचेवरून एक गंमत झाली. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी केली की खूण म्हणून कानाला खाच पाडतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वॉचमनने एकदा दाण्याकडे निरखून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘काकू, याला पण म्युनिसिपालटीवाले घेऊन गेले होते?’

आमच्या डॉक्टरांनी परळला, बैलघोडा हॉस्पिटलला दाखवायला सांगितलं. (पाटीवर नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं आहे, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगावं लागतं.) रांगेत पुढे एक बकरी होती. तिच्याकडे बघून दाणा इतका भुंकला की आत जाईपर्यंत त्याचा आवाज बसला.

आतल्या डॉक्टरीणबाईंनी कानात टॉर्च मारायच्या आधी एक मजेशीर गोष्ट केली. कानाची कड अंगठा आणि बोटात धरून हलकेच चोळली आणि मागच्या पायाकडे बघत राहिल्या. खरजेचे किडे असतील तर बहुतेक कुत्री त्या क्षणी आपसूक मागचा पाय हलवून खाजवायला लागतात. दाण्याचा पाय ढिम्म. माशा चावूनही ताठ कानांची टोकं अशीच सोलवटतात, पण तिसऱ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या घरात तेवढ्या माशा येतात कुठून? मग ओठ वर करून हिरडी बोटाने दाबली, सोडली. पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाला. म्हणजे एकूण रक्ताभिसरण ठीक आहे.

छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर मात्र त्या जरा रेंगाळल्या. हलका मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधे येणारा जादा फुसफुस आवाज आहे म्हणाल्या, सहापैकी दुसऱ्या पायरीचा. लहान जातींच्या कुत्र्यांत वय वाढलं की हृदयाच्या डाव्या बाजूची झडप जाड होते आणि थोडं रक्त उलटं गळतं. हे फार आढळतं म्हणे. घरी ह्यांनी लगेच सांगड घातली, हृदय कमजोर, म्हणून कान गार, म्हणून कान सडतोय. मलाही ते क्षणभर पटलं होतं. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. दोन किलोच्या जिवाच्या कानाची टोकं एरवीही गारच लागतात, आणि तेवढ्या मर्मरने कान झडत नाही.

बिघाड होता तो कानातल्याच बारीक रक्तवाहिन्यांत. कान म्हणजे कूर्चेचा पातळ पत्रा आणि दोन्ही बाजूंना चिकटलेली कातडी. टोकाकडे जाणाऱ्या वाहिन्या केसासारख्या, आणि एक बंद झाली तर दुसरा रस्ता जवळपास नसतोच. वाहिन्यांच्या भिंतींना सूज येते, आत गुठळ्या धरतात आणि टोक उपाशी राहतं. आमच्या बिल्डिंगमध्ये टाकीचं प्रेशर कमी झालं की पहिला बोंबलतो तो सर्वांत वरचा मजला, तसंच.

सूज कशाने, याचं उत्तर बऱ्याचदा मिळतच नाही. आपल्याकडे पहिला शोध घ्यायचा तो गोचीडतापाचा. एर्लिकिया हा जंतू गोचिडीतून येतो, प्लेटलेट्स पाडतो आणि रक्तवाहिन्यांनाही इजा करतो. बागेतलं गवत सोडा, लिफ्टमधून दुसऱ्याच्या कुत्र्याच्या अंगावरूनही गोचीड घरी येते. दाण्याची ती तपासणी निगेटिव्ह आली, प्लेटलेट्सही बरोबर. मग बाईंनी उजव्या मागच्या पायावरचे केस फुंकून बाजूला केले. खाली रुपयाएवढा टक्कल पडलेला चट्टा. रेबीजची लस तिथेच दिली होती, पावसाळ्याआधी. टॉय पूडल, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, चिवावा अशा छोट्या कुत्र्यांत क्वचित लसीनंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी अशी प्रतिक्रिया येते. आधी टोचल्या जागी, कधी कानांच्या कडांना.

याचा अर्थ लस वाईट असा काढणाऱ्यांशी मी वाद घालून दमले आहे. रेबीज झाला की उपाय नाही, आणि आपल्या रस्त्यांवर तो आहे. दाण्याच्या फायलीवर लाल पेनने नोंद आहे. पुढची लस कधी, कुठे, कुठल्या बनावटीची, हे डॉक्टर बघून ठरवतील, आणि त्या दिवशी बाकीच्या लशी सोबत देणार नाहीत.

कानाचा तुकडा काढून तपासला असता तर निदान पक्कं झालं असतं. त्यासाठी भूल द्यावी लागते. एवढ्याशा कुत्र्याचं अंग भुलेखाली पटकन गार पडतं, उपाशी ठेवलं तर साखर उतरते, आणि मुळात जिथे रक्त पोचत नाही तिथेच नवी जखम करायची. बाई म्हणाल्या, आधी औषध देऊन बघू. मला ते आवडलं.

औषधाचं नाव पेंटॉक्सिफायलीन. माणसांना पायातल्या रक्ताभिसरणासाठी देतात तेच. तांबड्या पेशी लवचिक होतात आणि अरुंद वाहिनीतून सरकतात. माणसांची गोळी 400 मिलिग्रॅमची आणि हळूहळू विरघळणारी. दाण्याच्या वजनाला तिचा बारीकसा कण लागेल, आणि मोडली की तिचं हळूहळू विरघळणं संपलं. म्हणून एका केमिस्टकडून पातळ औषध बनवून घेतलं. रिकाम्या पोटी दिलं की उलटी, त्यामुळे जेवणासोबतच. दहीभातातून जातं. पनीरमधून दिलं तर साहेब पनीर चाटून औषध बशीत ठेवतात.

फरक दिसायला एक ते तीन महिने लागतात, हे आधीच सांगितलं होतं ते बरं. नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी दुकानातली ‘सगळ्यावर चालणारी’ स्टेरॉइडवाली ट्यूब हातात दिली असती. कानाची कातडी आधीच कागदासारखी, रोज स्टेरॉइड चोळलं की आणखी पातळ होते. आम्ही खपली ओढत नाही, भिजवून सुटली तर सुटली. थंडीने वाहिन्या आकसतात, म्हणून रात्री एसी 26 वर आणि दाण्याची गादी झोताखालून हलवलेली. यावर ह्यांची कुरकुर अजून चालू आहे.

आता कड मऊ आहे, भिंत स्वच्छ. गेलेला तुकडा परत येत नाही, खाच आहे तशीच राहणार. मर्मरसाठी सध्या औषध नाही. फक्त गाढ झोपेत असताना मिनिटाला श्वास किती ते मोजून वहीत लिहायचे. सतत तिसाच्या वर जायला लागले किंवा रात्रीचा खोकला सुरू झाला, तर वाट न बघता फोन करायचा. ते काम मी ह्यांच्याकडे दिलंय, कारण एसीवरून जाग त्यांनाच येते.