तुम्ही विचारलंत म्हणून: स्लेड विकून का टाकत नाही?

स्लेड म्हणजे माझी स्नोमोबाइल, बर्फावर धावणारी मोटारगाडी. हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. स्की करणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, "जंगलाचं एवढं वाटतं तुला, हिवाळ्यात ओढ्याकाठचे पट्टे बंद ठेवा म्हणून सभेत उभी राहून बोलतेस, मग ती स्लेड विकून का टाकत नाहीस?" ज्यांच्याबरोबर पंधरा हिवाळे स्नोमोबाइल चालवली ते म्हणतात, "एवढं मनाला लागतं तर विकून टाक आणि घरी बस. आमच्या वाटांवर का उठलीस?" इतकी वर्षं मी दोघांनाही काहीतरी बोलून वाटेला लावलं. मागच्या आठवड्यात पार्किंगमध्ये एकाने सगळ्यांसमोर विचारलं आणि मला धड एक वाक्य सुचलं नाही. घरी येऊन तीन रात्री मनातल्या मनात त्याला उत्तरं देत बसले, म्हणून आता लिहूनच काढते.

मी स्लेड चालवते ती आयलंड पार्कमध्ये: अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेला. तिथे बर्फ भरपूर पडतो आणि हिवाळ्यात लोक स्नोमोबाइल चालवायला येतात.

आधी स्कीवाल्यांना. धुराचं जे चित्र तुमच्या डोक्यात बसलंय ते १९९० च्या दशकातलं आहे, आणि त्या काळापुरतं ते खरंही आहे. तेव्हाच्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळताच बाहेर पडायचा. यलोस्टोनच्या पश्चिम दारावर गर्दीच्या दिवशी हजाराच्या वर मशीन्स आत जात आणि तिकीट देणाऱ्यांच्या केबिनमध्ये बाहेरून स्वच्छ हवा सोडावी लागे. मग बंदी जाहीर झाली, कोर्टात गेली, उलटली, परत उलटली. शेवटी २०१३ साली नियम ठरला: दिवसाला वाहनांच्या जास्तीत जास्त ११० खेपा, त्यातल्या पन्नासच स्नोमोबाइलच्या गटांना, एका गटात दहाच्या वर मशीन्स नाहीत, प्रत्येक गटाबरोबर वाटाड्या, आणि आवाज व धूर ठरलेल्या मर्यादेत ठेवणारी इंजिनं. त्यामुळे 'यंत्र आणि जंगल एकत्र नांदूच शकत नाही' असं कुणी म्हटलं की मी भांडायला उठते. नांदलेलं मी पाहिलंय.

पण भांडताना एक गोष्ट मी गाळते, ती इथे गाळत नाही. यलोस्टोनमध्ये हे जमलं, कारण तिथे स्नोमोबाइल त्याच रस्त्यांवरून जाते जिथे उन्हाळ्यात गाड्या धावतात. उद्यानाबाहेरच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे सरकारी जंगलात, आम्ही वाट सोडूनही बऱ्याच ठिकाणी जातो.

दुसरं, वुल्व्हरिन: पाणमांजराच्या कुळातला, छोट्या अस्वलासारखा दिसणारा मांसाहारी प्राणी. २०२३ च्या नोव्हेंबरात तिला धोक्यात आलेली जात म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं आणि तुम्ही लगेच आमच्याकडे बोट दाखवलंत. मादी खोल बर्फात बीळ करून पिल्लं घालते, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, म्हणजे नेमकी आमच्या हंगामात. हे मान्य. पण आयडाहो, वायोमिंग आणि मोंटानातल्या वुल्व्हरिनना जीपीएस पट्टे बांधून जो मोठा अभ्यास झाला, त्यात ती स्कीवाल्यांपासूनही दूर सरकताना दिसली, आणि माद्या नरांपेक्षा जास्त. तुम्ही आवाज न करता येता म्हणून तिला चालता, असं नाही. अर्थात तुम्ही दिवसभरात एखादा उतार गाठता आणि मी त्याच दिवसात शंभर किलोमीटर फिरून येते. हा फरक मी कधी बोलून दाखवत नाही.

तिसरं, कॅरिबू, म्हणजे इथलं रानटी रेनडिअर. कॅनडातून उत्तर आयडाहोपर्यंत फिरणाऱ्या सेलकर्क डोंगरांतल्या कळपातली शेवटची मादी २०१९ च्या जानेवारीत पकडून कॅनडातल्या कुंपणात ठेवली आणि अलास्का व हवाई सोडून अमेरिकेच्या उरलेल्या ४८ राज्यांतला रानटी कॅरिबू संपला. माझे स्लेडवाले मित्र म्हणतात, "बघ, कोर्टाने तिथल्या आमच्या वाटा दहा वर्षांच्या आधीच बंद केल्या होत्या. वाचला का?" नाही वाचला. जुनी झाडं तोडली गेली, रस्ते झाले, इतर हरणं वाढली, त्यांच्यामागून लांडगे आणि प्यूमासारखे शिकारी आले, कळप इतका लहान उरला की सावरायला जागाच राहिली नाही. स्नोमोबाइलने कॅरिबू मारला असं म्हणणं खोटं आहे. पण हा युक्तिवाद मीही एकेकाळी जोरात करायचे, आणि आता तो ऐकताना अंगावर काटा येतो. शंभर कारणांतलं आपलं एक होतं, म्हणून ते सोडून द्यायचं?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मशीनबद्दल. मी चालवायला लागले तेव्हाची स्लेड पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, कमरेइतकी रुतायची. तीव्र उतार, फरची दाट झाडी, मऊ बर्फ, एवढ्यावर जंगल स्वतःला राखून होतं. नकाशावर रेघ असो वा नसो, तिकडे कुणी पोचूच शकत नव्हतं. आजच्या डोंगरी स्लेडला दीडशेच्या वर अश्वशक्ती, दीडशे इंचांहून लांब ट्रॅक, म्हणजे खालचा फिरता पट्टा, आणि त्याला तीन इंची दाते असतात. पंचवीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या हंगामात तिथे पोचतो, जिथे पूर्वी फक्त वुल्व्हरिन जायची. आणि जिथून आम्ही जातो तिथला बर्फ दाबला जातो. बर्फाच्या तळाशी जमिनीला लागून एक पोकळ थर असतो. वर उणे तीस असलं तरी तिथे तापमान शून्याच्या आसपास राहतं. व्होल नावाचे छोटे उंदीर आणि चिचुंद्र्या सबंध हिवाळा त्यात काढतात. आमच्या ट्रॅकखाली तो थर बसतो. वरून काही दिसत नाही.

आता ती दुपार.

२०१७ चा फेब्रुवारी. आम्ही पाच जण परतत होतो, मी तिसरी. वाट ओढ्याच्या काठाने जाते, दोन्ही बाजूंना विलोची झुडपं आणि ग्रूमर, म्हणजे वाट दाबून सपाट करणारं यंत्र, फिरून फिरून उभ्या राहिलेल्या बर्फाच्या भिंती. एका वळणावर पुढचा थांबला. वाटेत मूसची, म्हणजे घोड्याएवढ्या मोठ्या हरणाची, मादी उभी होती आणि तिच्याजवळ गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू.

मूस वाटेवर येतात त्याचं कारण साधं आहे: दाबलेल्या बर्फावर पाय रुतत नाहीत. हिवाळ्यात त्यांना खायला विलोच्या काटक्या आणि फरचे शेंडे, त्याने पोट भरतं पण अंग भरत नाही. शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर मे महिना गाठायचा असतो. त्या मादीच्या पोटात बहुतेक पुढचं पिल्लूही होतं. अशा वेळी काय करायचं हे आम्हा पाचही जणांना पाठ होतं. इंजिन बंद करायचं, लांब थांबायचं, ती जाईपर्यंत हलायचं नाही. ती जात नसेल तर मागे फिरायचं.

आम्ही इंजिनं चालू ठेवून दहा मिनिटं थांबलो. ती हलेना. मागून कुणीतरी ओरडलं की उजेड जातोय. पुढच्याने स्लेड हळूच दहा फूट पुढे घेतली. ती वळून चालू लागली, पिल्लू तिच्यामागे. आम्ही 'हळूहळूच' निघालो. हा शब्द त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी वापरला. ती पळू लागली. भिंती तिच्या छातीच्या वर होत्या, उतरायला जागा नव्हती, आणि आम्ही मागे असेपर्यंत तिला पळण्यावाचून इलाज नव्हता. दीड किलोमीटर. नंतर ओडोमीटरवर पाहिलं म्हणून सांगते.

पिल्लू मागे पडलं. त्याने भिंतीवर चढायचा प्रयत्न केला, दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा पलीकडे पडलं आणि पाठीपर्यंत रुतलं. आई थांबली. तिचे कान मागे गेले, मानेवरचे केस उभे राहिले आणि ती आमच्यावर चालून आली. पहिल्या स्लेडच्या काचेवर तिचे पुढचे खूर आदळले. काच फुटली, तो घाबरून बाजूला पडला, त्याला लागलं नाही. मग तीही भिंत चढून पिल्लाकडे गेली आणि पोटापर्यंत रुतली.

वाट मोकळी झाली. कुणी काही बोललं नाही. एक गेला, दुसरा गेला, मग मी. ती दोघं माझ्यापासून दहा पावलांवर होती. पिल्लाच्या नाकातून वाफ भरभर येत होती, तोंड उघडं होतं, पाय हलत नव्हते. मी पाहिलं आणि थ्रॉटल दाबला.

हे शेवटचं वाक्य मी कुणालाही सांगितलेलं नाही. सभेत ही गोष्ट दोनदा सांगितली, दोन्ही वेळा 'पुढच्याने' स्लेड पुढे घेतली यावर थांबले.

आणखी एक. उजेड जातोय हे खरं होतं, पण प्रत्येक स्लेडला दिवा असतो. दुसरी वाट होती, वीसेक किलोमीटर फेऱ्याची. घरी आल्यावर माझ्या टाकीत अर्ध्याहून जास्त पेट्रोल होतं. दोन दिवसांनी मी एकटी परत गेले. मध्ये ताजा बर्फ पडला होता. ओढ्याकडे उतरलेला एक बुजत आलेला चर दिसला, त्यापुढे काही नाही. पिल्लू जगलं असेल असं म्हणणारे मित्र आहेत. असेलही.

आम्ही त्या दिवशी एकही नियम मोडला नव्हता. वाट अधिकृत होती, वेग मर्यादेत होता, वाट सोडून कुणी एक फूटही गेलं नव्हतं.

म्हणून मला माझ्या जुन्या पत्राची लाज वाटते. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की सरकारी जमिनीवर अशा वाहनांच्या वाटा आखताना माती, पाणी, झाडोरा आणि वन्य प्राण्यांना होणारा त्रास कमीत कमी ठेवावा. स्नोमोबाइल त्यात नावानिशी होती. तरी वनखात्याच्या २००५ च्या नियमात चाकांच्या गाड्यांना खुल्या वाटांचा नकाशा सक्तीचा झाला आणि आम्हाला ऐच्छिक. २०१३ साली आयडाहोतल्याच संघीय न्यायालयाने ही सूट चुकीची ठरवली, आणि २०१५ च्या जानेवारीत नवा नियम आला: नकाशावर खुलं दाखवलं असेल तेवढंच खुलं. मधल्या काळात, २०१४ च्या उन्हाळ्यात, मसुद्यावर मतं मागवली तेव्हा मी दोन पानी पत्र पाठवलं होतं. त्यातलं एक वाक्य असं: 'आखलेल्या वाटेवर राहणारा चालक जंगलाचं काहीच बिघडवत नाही.'

ते पत्र लिहिणाऱ्या त्या बाईला आज मी काय सांगू? तिचं सगळंच चूक नव्हतं. वाटा दाबायचा खर्च स्लेडच्या नोंदणी शुल्कातून होतो आणि त्याच पार्किंगमध्ये स्कीवाले गाड्या लावतात, हे तिचं म्हणणं बरोबर होतं. सरसकट बंदी आली की लोक चोरून जातात आणि त्यांना रोखायला माणसं नसतात, हेही बरोबर होतं. पण 'काहीच बिघडवत नाही' हे तिने न बघता लिहिलं होतं. मी तिच्याशी भांडते आणि ती मला म्हणते, तू तरी बघून काय केलंस? थ्रॉटल दाबलास.

आता मी मागते ते एवढंच: मूस जिथे हिवाळा काढतात ते विलोचे पट्टे डिसेंबर ते एप्रिल बंद ठेवा, वाट वरच्या धारेवरून न्या, आणि जिथे खालूनच न्यावी लागते तिथे ग्रूमरने दर काही अंतरावर भिंतीला उतार काढून द्यावा, म्हणजे जनावराला बाजूला होता येईल. वरच्या उघड्या कड्यांवर मी अजून हक्क सोडलेला नाही. माझ्या मैत्रिणींना हे अपुरं वाटतं, मित्रांना विश्वासघात.

आणि स्लेड? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला स्की जमत नाही, हे कारण मी सांगते. ते खरं आहे, पण ते कारण नाही. सॉटेल शिखराच्या खांद्यावर सकाळी इंजिन बंद करावं, खाली ज्वालामुखीचं बुजलेलं अख्खं खोरं पांढरं पसरलेलं असावं, दूर टेटन डोंगरांचे सुळके दिसावेत, यासाठी मी जाते. तिथे दुसऱ्या कशानेही मला पोचता येणार नाही. मला जायचंय म्हणून मी जाते. 'आम्ही संवेदनशील माणसं निघून गेलो तर उरलेले काय करतील' असंही मी काही वर्षं म्हणून पाहिलं. ते म्हणताना मला बरं वाटायचं, आणि बरं वाटायचं म्हणूनच आता मी ते म्हणत नाही.

या जानेवारीत त्याच ओढ्याकाठी पुन्हा एक मादी वाटेवर होती, एकटी. मी स्लेड वाटेत आडवी लावली आणि इंजिन बंद केलं. मागे सात मशीन्स येऊन थांबल्या. पहिल्याने विचारलं की वाट अडवायचा अधिकार मला कुणी दिला. मी किल्ली खिशात टाकली आणि तिथेच बसले. पन्नास मिनिटांनी ती चालत पुढे गेली आणि भिंत जिथे कमी होती तिथून झाडीत उतरली. पार्किंगमध्ये प्रश्न विचारणारा तो हाच. त्याला मला सांगायचं होतं की पुढे तू असतास तर ती पळाली असती. पण तो म्हणाला असता, "पुढे कुणीच नसतं तर?" आणि माझी स्लेड तेव्हा त्याच्या स्लेडशेजारीच उभी होती, इंजिन अजून गरम.