श्रीशांतची सीम आणि हातातून गेलेली सात वर्षं

आपला माजी फास्ट बॉलर श्रीशांत, त्याचं नाव काढलं की समोरचा माणूस एकतर हसतो नाहीतर शिवी घालतो, त्याच्या बॉलिंगबद्दल कोणी बोलतच नाही. मला तेच बोलायचंय, कारण माझं ठाम मत आहे की त्या काळात आपल्याकडे बॉलची सीम, म्हणजे शिवण, त्याच्याइतकी सरळ ठेवणारा दुसरा बॉलर नव्हता, आणि हे मी झहीरचा जबरदस्त फॅन असून म्हणतोय.

मी रविवारी सकाळी ठाण्यात सेंट्रल मैदानावर पोरांना बॉलिंग शिकवायला मदत करतो. सिझन बॉल पहिल्यांदा हातात आला की प्रत्येक पोरगा तो घट्ट मुठीत धरतो, मग बॉल सुटला की शिवण भोवऱ्यासारखी डुगडुगत जाते आणि स्विंग काही होत नाही. त्यांना सांगावं लागतं की दोन बोटं शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली शिवणीवरच टेकवायचा, तळव्याला बॉल लागू द्यायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मनगट शेवटपर्यंत बॉलच्या मागे राहिलं पाहिजे. सुटताना बोटं बॉलला खाली ओढतात, तो उलटा फिरत जातो आणि शिवण उभीच्या उभी राहते. तोंडाने सांगून हे कळत नाही म्हणून मी मोबाईलवर श्रीशांतचा स्लो मोशन व्हिडिओ दाखवतो. मध्ये एकदा असाच दाखवत होतो तर एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा म्हणाला, "सर, हा तो थप्पडवाला ना?" त्याचा जन्मसुद्धा नव्हता झाला तेव्हा! त्याला बॉलिंग माहीत नाही, थप्पड माहीत आहे. मला खरंच वाईट वाटलं.

तर आधी बॉलिंग. डिसेंबर २००६, जोहान्सबर्ग. तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेत आपण एकही टेस्ट जिंकलेली नव्हती. आपले २४९ झाले, आणि मग केरळच्या कोतमंगलमहून आलेल्या या तेवीस वर्षांच्या पोराने स्मिथ, आमला, कॅलिस, बाउचर, पोलॉक असे पाच जण ४० रन्समध्ये काढले आणि आफ्रिका ८४ वर ऑलआउट. त्यांच्या घरात, त्यांच्या पिचवर! दोन्ही डावांत मिळून ८ विकेट्स, मॅन ऑफ द मॅच. पण लोकांना त्या टेस्टमधलं काय आठवतं, तर आंद्रे नेलने डिवचलं म्हणून त्याला सिक्स मारून बॅट फिरवत केलेला नाच. नाच मलाही आवडला होता, पण त्या पाच विकेट्स कुठे गेल्या?

२००७ चा टी-२० वर्ल्ड कप पण तसाच. फायनलला त्याने घेतलेला पाकिस्तानच्या मिसबाहचा शेवटचा कॅच सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या आधी डरबनला सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियासमोर ४ ओव्हर्स, १ मेडन, १२ रन्स, २ विकेट्स, आणि त्या दोन विकेट्स म्हणजे गिलख्रिस्ट आणि हेडन. टी-२० मध्ये त्या दोघांसमोर असा स्पेल टाकणं म्हणजे काय ते ज्याने कधी नवीन बॉल हातात घेतलाय त्याला विचारा.

आता दुसरी बाजू, ती लपवण्यात अर्थ नाही. हा माणूस मैदानावर स्वतःला आवरू शकत नव्हता. २००७ ला ट्रेंट ब्रिजवर त्याने इंग्लंडच्या पीटरसनला बीमर टाकला, म्हणजे टप्पा न पडता थेट अंगावर येणारा बॉल, कॅप्टन वॉनला खांदा घासला, निम्मी मॅच फी दंडात गेली. टीममधल्या सीनियर्सनी समजावलं असेलच, पण फरक पडला नाही. मग एप्रिल २००८, मोहाली, पहिलीच आयपीएल, मॅच संपल्यावर हात मिळवताना हरभजनने त्याच्या कानाखाली वाजवली आणि हा कॅमेऱ्यासमोर रडला. हरभजन उरलेल्या सीझनला बाहेर गेला. त्यात मार खाल्लेला माणूस श्रीशांत, आणि आयुष्यभर हसू त्याचंच झालं, हे मला आजही पटत नाही. हरभजनने नंतर कितीतरी वेळा माफी मागितली, अश्विनच्या शोमध्ये तर त्याने सांगितलं की श्रीशांतच्या छोट्या मुलीने त्याला तोंडावर ऐकवलं की तुम्ही माझ्या बाबांना मारलंत, मला तुमच्याशी बोलायचं नाही. आणि हे सगळं होऊनही २०२५ मध्ये ललित मोदींनी, म्हणजे तेव्हाच्या आयपीएल प्रमुखांनी, तो थपडेचा व्हिडिओ बाहेर काढलाच. कशासाठी? कोणाचं काय भलं झालं त्यात?

आणि मग मे २०१३, स्पॉट-फिक्सिंगचं प्रकरण, म्हणजे पैसे घेऊन ठरवून रन्स देण्याचं. ते दिवस मला चांगले आठवतात, ठाणे स्टेशनला लोकलमध्ये चढलं की डब्यात हाच विषय. १६ मेच्या पहाटे दिल्ली पोलिसांनी श्रीशांत, आपल्या मुंबईचा अंकीत चव्हाण आणि अजित चंडिला या राजस्थान रॉयल्सच्या तिघांना मुंबईत पकडलं. श्रीशांतवर आरोप होता मोहालीतल्या ९ मेच्या मॅचचा, कमरेला टॉवेल खोचून बुकीला इशारा द्यायचा आणि त्या ओव्हरमध्ये १४ रन्स द्यायचे, प्रत्यक्षात गेले १३. त्यांच्यावर मकोका लावला, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात टोळ्यांसाठी १९९९ ला केलेला कायदा. सप्टेंबरमध्ये क्रिकेट बोर्डाने (बीसीसीआय) श्रीशांतवर आजन्म बंदी घातली.

जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तिघांनाही आरोपमुक्त केलं, खटला उभाच राहिला नाही. पण बोर्ड म्हणालं आमची शिस्तीची कारवाई वेगळी, बंदी कायम. ऑगस्ट २०१७ ला केरळ हायकोर्टाने बंदी उठवली, दोनच महिन्यांत त्याच हायकोर्टाच्या मोठ्या बेंचने परत लावली. मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की आजन्म शिक्षा जास्त होतेय, फेरविचार करा. इथे बरेच जण गडबड करतात, सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष वगैरे म्हटलेलं नाही, बोर्डाने त्याला दोषी धरलं त्याला हात लावला नाही, फक्त शिक्षा किती यावर बोट ठेवलं. मग बोर्डाच्या लोकपालांनी, डी. के. जैन यांनी, ती सात वर्षांवर आणली, म्हणजे सप्टेंबर २०२० ला संपली.

माझा मुद्दा इथे आहे. तो धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही, ते मला सांगता येणार नाही आणि खेळ विकणाऱ्याला माफी नसावी असंच माझं मत आहे. पण बॅट्समन सात वर्षांनी परत येऊन कदाचित चार रन्स करेल, फास्ट बॉलरची तीस ते सदतीस ही वर्षं गेली की त्याच्याकडे राहतं काय? गुडघे, पाठ, खांदा, सगळं तोवर बोलायला लागतं. जो निकाल द्यायचा तो एक-दोन वर्षांत द्या ना! दोषी आहे तर तसं ठणकावून सांगा, नाही तर खेळू द्या. कोर्ट एक म्हणतंय, बोर्ड दुसरं, एक बेंच इकडे आणि दुसरं तिकडे, आणि तोपर्यंत हातातलं वय संपून गेलं. २७ टेस्ट, ८७ विकेट्स, ५३ वनडे, ७५ विकेट्स, एवढ्यावरच सगळं थांबलं. शेवटची वनडे कुठली, तर २०११ ची वानखेडेवरची वर्ल्ड कप फायनल.

परत आला तोही वानखेडेवरच, जानेवारी २०२१, राज्यांच्या टी-२० स्पर्धेत, मुश्ताक अली ट्रॉफीत, केरळकडून, कोविडमुळे स्टँड रिकामे. पुद्दुचेरीच्या फाबिद अहमदला त्याने बोल्ड काढलं, ४ ओव्हर्समध्ये २९ रन्स. पुढच्या महिन्यात विजय हजारे या वनडे स्पर्धेत यूपीचे पाच जण घेतले. तरी आयपीएलच्या लिलावात त्याला कोणी घेतलं नाही, आणि मार्च २०२२ ला त्याने रिटायरमेंट जाहीर केली.

ज्यांनी त्याचं फक्त थप्पड प्रकरण बघितलंय त्यांनी डिसेंबर २०१० चा डरबनचा कॅलिसचा बॉल शोधून बघा. थोड्या आखूड टप्प्यावरून असा उसळलाय की कॅलिससारखा माणूस हवेत उडी मारून, पाठ वाकवून ग्लव्हज चेहऱ्यासमोर धरतोय आणि गलीत सेहवाग कॅच घेतोय. ती टेस्ट आपण ८७ रन्सनी जिंकली. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा कॅलिसकडे नका बघू, बॉल हातातून सुटतो तिथे थांबवा आणि मनगट बघा.