हवेचं वजन

मी कागदी लॅम्पशेड करते आणि ऑनलाइन विकते. पहिली ऑर्डर आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर शेड ठेवून पाहिली. 400 ग्रॅम. खोक्यासकट जेमतेम पाऊण किलो. त्या हिशेबाने टपालखर्च लावला आणि ऐटीत कुरिअरच्या काउंटरवर गेले. तिथल्या माणसाने काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोजपट्टी काढली, खोकं तिन्ही बाजूंनी मोजलं. 30, 30, 30 सेंटिमीटर. गुणाकार 27,000, भागिले 5,000. "पाच किलो चारशे," तो म्हणाला.

"अहो, आत नुसती हवा आहे!"

"मग हवेचे पैसे द्या."

याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खरं वजन आणि हे वजन, दोन्हींतलं जे जास्त त्यावर आकारणी. तर्क पटण्यासारखा आहे, गाडी वजनाने भरण्याआधी जागेने भरते. पण त्या शेडवरचा नफा तिथेच काउंटरवर राहिला.

मग चार लोकांसारखं मीही 'फ्री शिपिंग' लिहून टाकलं. फुकट कसलं, टपालखर्च किमतीत कालवलेला. त्यातही गोची आहेच. दोन शेड एकात एक बसून एकाच खोक्यातून जातात, पण त्या घेणारं गिऱ्हाईक टपाल दोनदा भरतं. आणि कुणी वस्तू परत केली, तर जो खर्च मी 'घेतलाच नाही' तो रिफंडमधून कापायचा कोणत्या तोंडाने?

टपालाचे पैसे कुणी द्यायचे, हे भांडण माझ्या दुकानापेक्षा फार जुनं आहे. 1840 पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाराच भरायचा, तेही अंतर आणि कागदांची संख्या पाहून. लोक हुशार. पाकिटावरच खुणा करून निरोप पाठवायचे. समोरचा खूण वाचणार, 'नको' म्हणणार, पत्र परत. टपालखात्याची फुकट हमाली. रोलंड हिलच्या सुधारणेनंतर पाठवणाऱ्याने आधी पैसे भरायचे आणि दर वजनावर, असं ठरलं. 'कॅश ऑन डिलिव्हरी'चं पार्सल दारातून परत येतं तेव्हा मला ते खुणांचं पाकीट आठवतं. फरक इतकाच की हमाली आता माझी.

परतीचा नियम मी दोन ओळींत लिहिला. माल फुटला किंवा चुकीचा गेला, तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. तुमचं मन बदललं, तर परतीचा खर्च तुमचा. लिहिताना वाटलं, झालं, सुटला प्रश्न. पण माणसं या दोन ओळींच्या मधल्या जागेत राहतात. "रंग फोटोतल्यासारखा नाही" ही चूक कुणाची? माझ्या कॅमेऱ्याची, त्यांच्या स्क्रीनची, की आतल्या दिव्याची?

याच कारणाने गेल्या महिन्यात एक शेड परत आली. 'अजिबात वापरलेली नाही' असं सोबत कळवलेलं. खोकं माझंच, टेप मात्र तपकिरी, चार पदरी, आणि माझा पत्ता त्या टेपखाली अर्धा गुदमरलेला. आत बबल रॅप घडी घालून इतका नीट ठेवलेला, की मला माझ्याच पॅकिंगची लाज वाटली. शेड उजेडाकडे धरली. आतल्या कडेला, कागदाच्या चुणीत, एक बारीकसा पतंग मरून पडला होता. न लावलेल्या दिव्यावर पतंग कसा येईल? फोटो काढला, चार ओळी टाइप केल्या, पुसल्या. वाद घालण्यात जाणारी संध्याकाळ परतीच्या टपालापेक्षा महाग पडली असती. पूर्ण रिफंड दिला. दुसऱ्या दिवशी पाच तारे आले आणि शेरा: परत करणं खूप सोपं.

ती शेड नवी म्हणून विकता येणार नाही, म्हणून माझ्याच टेबलावर आहे. तिच्या उजेडात आता घडीची शेड करून बघतेय. मिटवली की खोकं 40 बाय 30 बाय 5. एक किलो दोनशे. भागाकार दोनदा करून पाहिला.